दीडपट वेग

भाची: हळू बोल ना, आत्या.

आत्या: का? इथं कोण झोपलंय?

भाची: कुणी नाही. पण जरा मोठ्यानं बोललं की भिंतीवरची कार्डं हलतात.

आत्या: पंख्यानं हलतायत ती. आणि भर दुपारी चार वाजता दिवा लावून, अर्धं शटर ओढून बसलीस तर दुसरं काय होणार? भुतंच दिसणार. वाकून आत येताना कंबरेत उसण भरली माझी. हे दुकान आहे की गुहा?

भाची: पूर्ण उघडलं की लोक आत येतात.

आत्या: कप्पाळ माझं! दुकानात लोक यायचे नाहीत तर कुठं यायचे?

भाची: माझी तयारी झाली नाहीये अजून. अर्धवट तयारीनं गिऱ्हाइकासमोर गेलं की पहिली छाप बिघडते, आणि ती एकदाच पडते. चष्मेवाले सर सांगतात.

आत्या: हे कोण आता?

भाची: व्हिडिओवाले. 'छोट्या धंद्याचं मोठं मार्केटिंग'. एकशे चौदा भाग आहेत. माझे शंभर झालेत.

आत्या: आणि पाटी कुठं गेली? दादाची पाटी? बाहेर नुसते दोन खिळे दिसतायत.

भाची: दाराआड आहे. मीच उतरवली. रीब्रँडिंग करायचंय ना. आधी नाव ठरलं पाहिजे, मग रंग, मग अक्षराचं वळण, मग…

आत्या: ठरलं नाव?

भाची: बत्तीस काढली होती. त्यातली सात उरलीत.

आत्या: 'शिलाई मशीन दुरुस्ती'. तीन शब्दांवर पस्तीस वर्षं काढली त्यानं. बरं, ते जाऊ दे. मी कशाला आलेय, ठाऊक आहे ना?

भाची: किल्लीसाठी.

आत्या: पाच वाजता जागेचा मालक येतोय. करारावर दादाच्या बरोबरीनं माझी सही आहे, म्हणून फोन मला करतो. म्हणाला, दुकान चालू असेल तर खुशाल राहा, बंद असेल तर किल्ली द्या, अर्ध्या शटरचं मला काही कळत नाही. त्याचं तरी काय चुकलं? तू तीन महिने मागितलेस मार्केटिंग शिकायला, दिले. आणखी तीन मागितलेस, तेही दिले. आता दादाला जाऊन आठवा महिना संपला.

भाची: अजून दोनच आठवडे दे. चौदा भाग राहिलेत फक्त.

आत्या: एक सांग. या आठ महिन्यांत मशीनं किती आली दुरुस्तीला?

भाची: ते कोपऱ्यात आहे ना, झाकलेलं…

आत्या: ते दादा असताना आलेलं.

भाची: हो.

आत्या: म्हणजे एकही नाही. पाच वर्षं त्याच्या शेजारी बसून काम केलंस. डोळे मिटून शटल उघडायचीस, बॉबिन तर बोटांनी ओळखायचीस. आणि आता बघ हात. एक डाग नाही तेलाचा. मेंदी काढायला ठेवल्यासारखे स्वच्छ.

भाची: नुसतं काम येऊन चालत नाही, आत्या. लोकांपर्यंत पोचावं लागतं. मी सगळं शिकतेय. एक म्हणतो रोज एक पोस्ट टाका, दुसरी म्हणते आठवड्याला एकच टाका पण दर्जेदार. एक म्हणतो चेहरा दाखवा, लोक माणसावर विश्वास ठेवतात. दुसरा म्हणतो चेहरा नको, काम दाखवा. तिसरी म्हणते काम दाखवू नका, गोष्ट सांगा. पहिल्या तीन सेकंदांत पकडा. घाई करू नका. घाई करा, नाहीतर दुसरा पुढे जाईल. सगळ्यांना विकायला गेलात तर कुणालाच विकणार नाही, म्हणून आधी आपलं एक गिऱ्हाईक कल्पनेनं तयार करा, त्याचं वय, त्याच्या आवडी, त्याची दुखरी नस…

आत्या: अगं अगं अगं! श्वास घे. एवढी भराभर कधीपासून बोलायला लागलीस? आधी दहा वेळा विचारलं तर एक 'हो' मिळायचा तुझ्याकडून.

भाची: व्हिडिओ दीडपट वेगानं ऐकते. नाहीतर संपतच नाहीत. रोज दहा-बारा तास. मग तसंच बोललं जातं.

आत्या: आणि यातलं केलंस काय?

भाची: एकसष्ट मजकूर लिहून ठेवलेत.

आत्या: टाकलेस किती?

भाची: टाकायचेत अजून.

आत्या: मला यातलं काही कळत नाही, बाई. पण शून्य कळतं. का नाही टाकला एकही?

भाची: प्रत्येकाच्या सुरुवातीला 'आम्ही कोण' लिहावं लागतं.

आत्या: मग?

भाची: मग काही नाही. तिथंच थांबते आणि नवीन व्हिडिओ लावते. नाव ठरलं की लिहिता येईल असं वाटतं. चहा घेतेस का? थर्मासात आहे.

आत्या: ओत. मी बसते इथं.

भाची: तिथं नको!

आत्या: केवढ्यानं ओरडलीस! स्टूल आहे साधं.

भाची: बाबांचं आहे. त्यावर कुणी बसत नाही. हे घे, खुर्ची घे.

आत्या: बरं बाई. खुर्ची तर खुर्ची. तू कुठं बसतेस काम करताना?

भाची: काम कुठं करते? उभी असते. फोन समोर टेकवते आणि उभी असते.

आत्या: आठ महिने?

भाची: हसू नकोस, एक गोष्ट सांगते. कुणाला सांगितली नाहीये.

आत्या: नाही हसत.

भाची: बाबांचा आवाज जातोय माझा. म्हणजे माझ्याकडून जातोय. आठवत नाही. चेहरा दिसतो, बोटं दिसतात, चष्म्याची दोरी दिसते. ओठ हलतात. पण आवाज येतो तो चष्मेवाल्या सरांचा. परवा मला आठवायचं होतं, बाबा 'तेल कमी घाल' कसं म्हणायचे. डोळे मिटले. बाबा स्टुलावर बसलेले, माझ्याकडे बघून म्हणाले, 'मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत पाच मोठ्या चुका.' दीडपट वेगानं. म्हटलं होतं ना, हसू नकोस.

आत्या: हसत नाहीये गं. तो चहा घे आधी.

भाची: बंद केलं की शांतता होते. शांतता झाली की वाटतं आता ते बोलतील, आणि मला आवाज ओळखू येणार नाही. म्हणून पुन्हा लावते. कळतंय का तुला?

आत्या: कळतंय. आणि ते काय गुरगुरतंय? त्या खणात?

भाची: काही नाही.

आत्या: काही नाही कसं? अख्खं टेबल थरथरतंय. उंदीर आहे की काय?

भाची: थांबेल आपोआप. आठ वेळा होतं आणि थांबतं. बघ. थांबलं.

आत्या: दादाचा फोन आहे तो. तू चालू ठेवलायस?

भाची: रोज चार्ज करते.

आत्या: आणि वाजला की?

भाची: खणात ठेवते. कापडाखाली. पहिल्या महिन्यात दिवसाला वीस यायचे. मग दहा. आता दोन-तीन.

आत्या: आणि तू उचलत नाहीस? एकही?

भाची: ते बाबांना करतात, आत्या. मला नाही करत.

आत्या: अगं, मी एकोणतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढली. कानात गाळ बसला दुसऱ्यांच्या हॅलोचा. वाजणारा फोन बघवत नाही मला. पलीकडे माणूस असतो! तू आठ महिने त्याला कापडाखाली कोंडून ठेवलंस आणि गिऱ्हाईक कल्पनेनं तयार करतेयस? वय काय, आवडी काय? धन्य आहे!

भाची: ओरडू नकोस. कार्डं हलतायत.

आत्या: हलू देत! किती आहेत तरी ही? चारी भिंती भरल्यात. चष्मा कुठं ठेवला मी? हं. 'मंगळवारी अकराला टाकलेली पोस्ट जास्त बघितली जाते.' दिव्य ज्ञान. 'स्वतःला विचारा : तुमचं “का” काय आहे?' म्हणजे काय ते मला म्हातारीला कोणी सांगेल का? 'भावनेला हात घाला.' आई गं! टोचलं काहीतरी!

भाची: हात नको लावूस. मागे टाचण्या आहेत.

आत्या: मागे टाचण्या कशाला? भिंतीला तर चिकटपट्टीनं लावलंयस.

भाची: आत्या, उलटवू नकोस. प्लीज.

आत्या: कापड आहे इथं. पांढरं. त्यावर दोन बोटं लांब टाका मारलाय. आणि हे… हे दादाचं अक्षर आहे.

भाची: उलटवू नकोस म्हटलं ना मी!

आत्या: 'शाळेच्या कपड्यांवाली. हिरवं मशीन. पाचवा टाका उडतो. नवरा दोरा स्वस्तातला आणतो. सांगून उपयोग नाही.' खाली फोन नंबर. अगं, हे काय आहे?

भाची: बाबांची कार्डं. मशीन नीट झालं की ते पांढऱ्या चिंधीवर टाका मारून बघायचे. ती चिंधी टाचून ठेवायचे. म्हणायचे, प्रत्येक मशीनचं अक्षर वेगळं असतं. पुढच्या खेपेला जुना टाका, नवा टाका शेजारी ठेवून बघायचे, काय बिघडलंय ते.

आत्या: आणि तू याच्या पाठीवर हे मंगळवार-अकरा लिहिलंस?

भाची: कोरी होती पाठ. शिकायला लागले तेव्हा कागद हवा होता. कार्डांचे गठ्ठे इथंच होते, समोर. सारखं ते अक्षर दिसायचं. नाही बघवायचं मला. म्हणून पाठीवर लिहिलं आणि तोंड भिंतीकडे करून लावलं. एकेक करत सगळी लागली.

आत्या: किती?

भाची: तीनशे बारा.

आत्या: तीनशे बारा माणसं भिंतीकडे तोंड करून उभी केलीस तू. आणि म्हणतेस, लोकांपर्यंत पोचायचंय.

भाची: मला कळतं गं ते! मूर्ख नाहीये मी. एक फोन लावला की झालं, हे काय मला शंभराव्या व्हिडिओनंतर कळलं? पहिल्या दिवशी कळलं होतं. पण फोन लावला की पलीकडून 'भाऊ, कसे आहात?' येणार. मग सांगावं लागणार. मग दुसरा नंबर, पुन्हा सांगावं लागणार. तीनशे बारा वेळा मी माझ्या तोंडानं बाबांना मारायचं? शिकत होते तोपर्यंत कुणाला काही सांगायची वेळच येत नव्हती. या तीनशे बारा घरांत बाबा अजून आहेत, आत्या. फोन उचलत नाहीत एवढंच.

आत्या: ये. ये इकडे. रड. आठ महिन्यांचं आहे ते. मीही लावला होता या नंबरवर. तीनदा. तो गेल्यावर.

भाची: ठाऊक आहे. 'धाकटी' असं नाव आलं होतं. मला वाटलं चुकून लागला.

आत्या: चुकून कसला! नुसती रिंग ऐकायची होती. बोर्डावर असताना आम्ही लोकांना सांगायचो, 'पलीकडून उत्तर नाही.' किती सहज सांगायचो. त्या तीन वेळा मला ते कुणीतरी सांगावं असं वाटत होतं. पुस तोंड. हे बघ, आणखी एक वाचते. 'पडदेवाली. जाड कापड शिवते. सुई सोळा नंबरची लाव म्हटलं, चौदाचीच लावते. हट्टी. चहा चांगला करते.'

भाची: ती रोज फोन करते. साडेचारला. दोन महिने झाले. एकदाच करते आणि ठेवते.

आत्या: आता सव्वाचार झालेत. आणि हे एक कार्ड कोपऱ्यात एकटंच का? यावर काय दिवे लावलेत? 'आपली खरी ताकद ओळखा.' बरं, ओळखू. मागे… थांब.

भाची: काय?

आत्या: तू हे वाचलं नव्हतंस?

भाची: एकही वाचलं नाही. सगळी पालथीच घेत होते. काय आहे?

आत्या: तूच वाच. माझ्या चष्म्यावर धुकं आलंय.

भाची: 'लेक. काळं मशीन एकटीनं उघडलं, एकटीनं बसवलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. टाका सरळ. बघून नाही, ऐकून काम करते. कान माझ्याहून चांगला. तिला सांगीन सावकाश.'

आत्या: तारीख आहे?

भाची: तीन वर्षांपूर्वीची. तीन वर्षं, आत्या! एकदा तरी म्हणायचं होतं. मला वाटायचं माझं काम आवडत नाही त्यांना. काही झालं की नुसतं 'हं' म्हणायचे.

आत्या: तो आमच्या आईच्या हातचं जेवूनही 'हं'च म्हणायचा. तिला चाळीस वर्षं कळलं नाही, मीठ जास्त झालंय की स्वयंपाक आवडलाय. पण 'ऐकून काम करते' म्हणजे? मशीन ऐकून?

भाची: फोनवर करायचे ना ते. गिऱ्हाईक लांबून फोन करायचं. बाबा सांगायचे, फोन मशीनजवळ धरा आणि चालवा. डोळे मिटून ऐकायचे, आणि सांगायचे काय झालंय. निम्मी मशीनं दुकानात आणायला लावलीच नाहीत त्यांनी. आणि फोन उचलला की हॅलो नाही म्हणायचे. काहीतरी म्हणायचे, नेहमीचं. सगळे हसायचे त्यावर. बघ, तेसुद्धा गेलंय. काय म्हणायचे गं?

आत्या: मला काय ठाऊक? मी दुकानात कधी फोन केला नाही. घरी यायचा तेव्हा जेवलीस का एवढंच विचारायचा.

भाची: रोज दहा वेळा ऐकलंय मी ते. जिभेवर आहे. आणि आठवायला गेले की 'मित्रांनो'…

आत्या: वाजतोय बघ. खण.

भाची: साडेचार.

आत्या: मी उचलू? सांगते मी. मला सवय आहे.

भाची: नको.

आत्या: चौथी रिंग झाली. तीन-चारच उरल्या.

भाची: उचलू नकोस. थांब. मी… नाही. आत्या, मी काय बोलू?

आत्या: काही नको बोलू. आधी ऐक.

(भाची खण उघडून फोन उचलते आणि स्पीकरवर ठेवते.)

पडदेवाली: हॅलो? लागला! अहो, लागला वाटतं! भाऊ? भाऊ, ऐकू येतंय का? मी पडदेवाली. काय झालं, आज 'बोला, घोडं कुठं अडलं' नाही म्हणालात?

भाची: आत्या… हेच.

पडदेवाली: कोण बोलतंय?

भाची: मी त्यांची लेक बोलतेय.

पडदेवाली: अगं बाई, तू होय! शेजारी मान खाली घालून बसायचीस ती. बरी आहेस ना? भाऊ कुठायत? गावाला गेलेत का? रोज एकदा लावते बघ मी. नाही उचलला की म्हणते, आज नाहीत वाटतं. उद्या असतील.

भाची: काकू, बाबा गेले.

पडदेवाली: कुठं?

भाची: वारले, काकू. आठ महिने झाले.

पडदेवाली: मी रोज लावत होते गं.

भाची: मी बघत होते. नाव यायचं तुमचं. मी उचलला नाही. उचलला असता तर हे सांगावं लागलं असतं.

पडदेवाली: खरंय. मलाही ऐकावं लागलं असतं. अरे देवा. गेल्या खेपेला म्हणाले होते, बाई, हे मशीन तुमच्यापेक्षा जास्त टिकणार. आम्ही दोघं केवढे हसलो होतो. बरं पोरी. ठेवते मग. तू काळजी घे स्वतःची. आता काय, दुकानही…

भाची: थांबा! ठेवू नका.

पडदेवाली: काय गं?

भाची: बोला. घोडं कुठं अडलं?

पडदेवाली: अगदी तस्संच म्हणालीस की गं. टाका उडतोय बघ. जाड कापड घातलं की दोन टाके घेतं, एक सोडतं. इथल्या एकानं सांगितलं, भंगारात घाला. आईचं मशीन आहे माझ्या. कसं घालू भंगारात? म्हटलं भाऊंना विचारल्याशिवाय नाही.

भाची: फोन मशीनजवळ ठेवा. जाड कापड घाला आणि चालवा.

पडदेवाली: ठेवला. चालवू?

भाची: हळू. एवढ्या जोरात नको. अजून हळू. पायडल नुसता सोडा, आपोआप फिरेल तेवढाच.

(फोनमधून मशीनचा आवाज येत राहतो. भाची डोळे मिटते, हातानं मागे चाचपडते आणि स्टुलावर बसते.)

आत्या: काही कळतंय का?

भाची: शू. टक, टक, खट. टक, टक, खट. सुई तळाच्या पट्टीला घासतेय. काकू, बास. सुई कितीची लावलीय?

पडदेवाली: सुई ना… आहे आपली नेहमीची.

भाची: चौदाची. सोळाची लावायला सांगितली होती बाबांनी. जाड कापडात चौदाची वाकते, म्हणून टाका सुटतो. मशीनला काही झालेलं नाही.

पडदेवाली: अगं, तुला कसं ठाऊक?

भाची: लिहून ठेवलंय त्यांनी. पुढे 'हट्टी' असंही लिहिलंय.

पडदेवाली: मेला! लिहिलं का तेसुद्धा? आहे हो सोळाची. त्यांनीच दिलेली पुडी आहे. थांब हं, बदलते. ठेवू नकोस फोन.

भाची: नाही ठेवत. सावकाश बदला.

आत्या: आता ऐकताना 'हं' म्हणालीस ना, अगदी दादासारखं म्हणालीस. काटा आला अंगावर.

भाची: कधी?

आत्या: मी 'काही कळतंय का' विचारलं ना, त्याच्या जरा आधी.

भाची: मी काही म्हटलं नाही, आत्या. मी तर श्वासही रोखून धरला होता. तू ऐकलंस?

आत्या: फोनमधनं आलं असेल. ती बाई म्हणाली असेल.

भाची: हो. तीच म्हणाली असेल.

आत्या: शटर वाजवतंय कुणीतरी. मालक आला वाटतं. लवकरच आला की. किल्ली काय करू?

भाची: शटर वर कर. पूर्ण.

आत्या: नक्की?

भाची: आणि पाटी बाहेर ठेव. खिळ्यांना उद्या लावते. आणि जाता जाता ती भिंतीवरची कार्डं उलटवायला घे. आज एवढं पडद्याचं बघते. मग शाळेच्या कपड्यांवालीला फोन लावते. एका वेळी एकच. माझं कार्ड सोडलं तर अजून तीनशे दहा वेळा सांगायचंय मला. घाई नाही.

आत्या: आणि चष्मेवाल्याचे राहिलेले चौदा भाग?

भाची: राहू देत राहिलेले.

पडदेवाली: पोरी, बदलली गं सुई. आहेस ना?

भाची: आहे.

आत्या: अहो, या, या, आत या. वाकू नका, उघडलंय सगळं. किल्ली ना? किल्ली नाही मिळायची आज. बसा त्या खुर्चीवर. आणि जरा हळू बोला, ती कामात आहे.

पडदेवाली: चालवू का?

भाची: चालवा. हळू. अजून हळू… हं. येतंय ऐकू.